बंदूक नंतर आली

हिंदी युद्धपटाचं कूळ शोधत गेलं की वाट सोलापुरात निघते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथले. जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक धाडलं, त्यात ते होते; १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले. इकडे हिंदी सिनेमात महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई, वाटप सरकारच्या हाती, आणि युद्धकार्याला पूरक चित्रपट काढा असा निर्मात्यांमागे लकडा. व्ही. शांतारामांनी काढला, पण इंग्रजांच्या पदरात फारसं काही पडू दिलं नाही. १९४६ च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’चा नायक काँग्रेसनं पाठवलेला, हाती शस्त्रक्रियेची हत्यारं, आणि चिनी माणसं आपली सोयरी.

अठरा वर्षांत सोयरिक मोडली. चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’मध्ये (१९६४) चिनी सैनिक शत्रू आहे. पण लडाखमध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटाचा जीव त्याच्या द्वेषात नाही. वेढ्यात सापडलेली तुकडी, संपत चाललेली काडतुसं, घरच्यांची आठवण, माघार. १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवाचं सुतक देशानं या चित्रपटात पाळलं, असं मला वाटतं. विजय मात्र याच दिग्दर्शकाला मानवला नाही: १९७१ च्या युद्धातल्या हवाई दलावर त्यांनी १९७३ मध्ये ‘हिंदुस्तान की कसम’ काढला, तो आज कितीजणांना आठवतो?

पडद्यावरचा विजय खऱ्या अर्थानं दुमदुमला तो १९९७ मध्ये, जे. पी. दत्तांच्या ‘बॉर्डर’नं. विषय १९७१ चाच, राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला चौकीचा. तिथं मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या कंपनीनं रात्रभर पाकिस्तानी रणगाडे अडवून धरले आणि उजाडताच हवाई दलाच्या हंटर विमानांनी ते टिपले. प्रत्यक्षात आपली जीवितहानी अगदी थोडी झाली. चित्रपटात मात्र वीरमरणांची रांग लागते. सीमा सुरक्षा दलाच्या भैरोसिंहांना तर पडद्यावर हुतात्मा केलं गेलं, आणि ते पुढं पंचवीस वर्षं हयात होते! विजय पुरेसा नव्हता, त्याला हौतात्म्याची जोड लागली. तरीही शेवटी युद्धाबद्दलची हळहळ दत्तांनी राखली आहे.

२०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकवरच्या ‘उरी’त (२०१९) ती हळहळ उरलेली नाही. तिथं आपण सीमेपलीकडे घुसतो, सूड घेतो, परततो. काश्मीरचे डोंगर म्हणून बहुतांशी सर्बिया दिसतो. प्रदर्शनानंतर आठवड्याभरानं, मुंबईत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी त्यातला ‘हाउज द जोश?’ हा प्रश्न जमलेल्या कलाकारांना विचारला आणि सभागृहानं एका सुरात उत्तर दिलं.