तिथी आणि तारीख

पाडव्याला देवळात पंचांग वाचले जाते तेथून होळीपर्यंत गावाचे वर्ष तिथीवर चालते. त्याच गावात शाळेच्या अंगणात झेंडा फडकतो, तो मात्र तारखेवर. जीर्णोद्धारानंतर देवळाचे वार्षिक उत्सव नव्याने बसविताना ही दोन मोजमापे समजून घेतलेली बरी.

तिथी चंद्राची. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते, ती साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून भरून काढतात. म्हणून आपला पोळा पावसाळ्यातच येतो. हिजरी वर्षात अधिक मास नाही; त्यामुळे मोहरम सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. वडीलधाऱ्या मंडळींनी ताबूत चिखलातूनही जाताना पाहिले आहेत आणि रखरखत्या उन्हातही.

संक्रांत सूर्याची, म्हणून ती इंग्रजी तारखेला धरून राहते असे वाटते. पण तीही सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद जन्मले तो १२ जानेवारी १८६३ हा दिवस संक्रांतीचा होता. आज तीच तारीख युवक दिन म्हणून पाळतात आणि तिळगूळ त्यानंतर दोन-तीन दिवसांनी वाटतात!

राष्ट्रीय सणांची गोष्ट निराळी. लाहोर काँग्रेसने १९२९ च्या डिसेंबरात पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली, तरी ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी दोन महिने थांबले, ते या तारखेचा मान राखण्यासाठी.

स्वराज्य आले तेव्हा देशात निरनिराळी सुमारे तीस पंचांगे चालू होती. एका गावचा सण शेजारच्या गावी दुसऱ्या दिवशी, असे घडे. म्हणून १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तीत पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी ही आपली मंडळी होती. २२ मार्च १९५७ हा शके १८७९ चा १ चैत्र धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती राजपत्रावर छापली जाते. आपल्या चुलीपर्यंत मात्र पोहोचली नाही. लोकांनी पाडवा तिथीनेच उभारला, आणि समितीनेही धार्मिक सण तिथीवरच ठेवले होते.

खरा पेच पडतो तो शिवजयंतीला. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही जन्मतिथी मानीत. लोकमान्यांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्धीस आणली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. कवींद्र परमानंदाचे शिवभारतही तेच सांगते. पुढे शासनाने त्या तिथीशी जुळणारी १९ फेब्रुवारी ही तारीख सुटीसाठी धरली. तेव्हापासून कित्येक गावांत दोन जयंत्या, दोन मिरवणुका, दोन वर्गण्या आणि कधी कधी दोन तट.

यात एक गंमत आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या गणनेची. पोप ग्रेगरीने १५८२ साली सुधारलेली गणना, जी आज आपल्या भिंतीवर टांगलेली असते, ती इंग्रजांनी १७५२ पर्यंत घेतली नव्हती. या सुधारलेल्या गणनेने पाहिल्यास महाराजांचा जन्मदिवस १ मार्च १६३० येतो. म्हणजे तारखेचा आग्रह धरणाऱ्यांनाही 'कोणती तारीख?' हा प्रश्न चुकत नाही. जुन्या कागदांत लिहिलेली आहे ती तिथी. तारीख तिच्यावरून मागाहून काढलेली. माझा कल त्यामुळे तिथीकडे आहे. परंतु शाळेच्या मुलांना सुटी तारखेलाच मिळते, हेही खरे.

रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा आता ६ जूनलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. दोन्ही दिवशी गड माणसांनी फुललेला असतो.