वेग हाताचा की सुरांचा? सतारीच्या इतिहासातला एक संशोधन-प्रश्न

इथे शिर्डीत नेट-सेटचा अभ्यास करणाऱ्यांपैकी काहीजण गिटारही वाजवतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, 'पिकिंगचा वेग कसा वाढवायचा?' बहुतेकदा उत्तर मिळतं, 'मेट्रोनोम लावा आणि रोज थोडा वेग वाढवा.' सल्ला ठीकच आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे : सूर जलद यायचे तर हातही तितकाच जलद हलला पाहिजे. हे गृहीतक तपासायला सतारीचा इतिहास फार उपयोगी पडतो.

सतार उजव्या हाताच्या तर्जनीत घातलेल्या नखीने वाजते. आतल्या दिशेचा आघात 'दा', बाहेरचा 'रा' आणि एका मात्रेत दोन्ही आले की 'दिर'. अठराव्या शतकात दिल्लीच्या मसीत खाँ यांच्या नावाने विलंबित मसीतखानी गत रूढ झाली. तिचे बोल 'दिर दा दिर दा रा दा दा रा' असे आहेत. मोजून बघा, 8 मात्रांत 10 आघात. पुढे एकोणिसाव्या शतकात लखनौच्या गुलाम रझा यांच्या नावाने ओळखली जाणारी द्रुत रझाखानी गत आली. झाल्यात तर 'दा रा रा रा' असं वाजवताना मुख्य तारेवर एक आणि चिकारीवर तीन, असे 4 आघात होतात. वेग वाढवण्याची ही एक वाट झाली. तिच्यात सगळा भार उजव्या हातावर पडतो.

दुसरी वाट मुंबईत ठळक झाली. उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ (1927–2017) यांचा जन्म मध्य प्रदेशातल्या जावऱ्याचा, पण कारकीर्द मुंबईची. 'कोहिनूर' (1960) या चित्रपटातली सतार त्यांचीच. त्यांच्या शैलीला 'जाफरखानी बाज' म्हणतात. त्यात उजव्या हाताचे आघात मोजके असतात आणि डाव्या हाताला जास्त काम असतं. कृंतनात पडद्यावरचं बोट तारेला ओढ देत उचललं की नवा आघात न करताच खालचा सूर वाजतो. जमजम्यात एक बोट पडद्यावर स्थिर ठेवून दुसऱ्या बोटाने पुढचा सूर भरभर ठोकतात. हे प्रकार सतारीवर आधीही होते. त्यांनी ते शैलीच्या केंद्रस्थानी आणले.

आता साधा हिशोब करू. मिनिटाला 120 मात्रा आणि प्रत्येक मात्रेत 4 सूर, म्हणजे सेकंदाला 8 सूर. प्रत्येक सुराला आघात दिला तर नखी सेकंदाला 8 वेळा हलते. प्रत्येक आघातातून 2 सूर काढले तर फक्त 4 वेळा. ऐकणाऱ्याला वेग तोच, हाताचे कष्ट मात्र निम्मे.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी खरा मुद्दा इथेच आहे. 'वेग' हा शब्द आपण दोन वेगळ्या राशींसाठी वापरतो : सेकंदाला किती सूर आणि सेकंदाला किती आघात. व्याख्या पक्की न करता दोन वादकांची तुलना केली तर निष्कर्ष कोसळतो. साधनांचंही तसंच आहे. लिहिलेले बोल आघात सांगतात, पण प्रत्यक्ष वाजवण्याची लय सांगत नाहीत. ध्वनिमुद्रणात लय कळते, पण आघात किती ते शोधावं लागतं. त्यासाठी तुकडा संथ करून प्रत्येक सुराची सुरुवात बघायची. नखीचा सूर एकदम टोकदार उठतो, कृंतनाचा तुलनेने मऊ. दोन्ही साधनं एकत्र ठेवली की चित्र पुरं होतं.

मात्र सतारीचं उत्तर गिटारला जसंच्या तसं चिकटवू नका. सतारीवर बरीचशी चाल एका बाजाच्या तारेवर होते. गिटारवर तार बदलावी लागते, आणि अडचण नेमकी तिथे येते. एका तारेवर खाली-वर-खाली असे 3 सूर वाजवून पुढच्या बारीक तारेवर वरचा आघात द्यायचा, तर पिकला ती तार ओलांडून पलीकडे जावं लागतं. खालचाच आघात चालू ठेवला तर ती उडी वाचते. कृंतनासारखं बोट ओढून सूर काढणं गिटारवरही आहेच, त्याला पुल-ऑफ म्हणतात. पण तो आवाज वेगळा असतो. प्रत्येक सूर टोकदार हवा असेल तर आघातांना पर्याय नाही.

म्हणून सराव वाढवण्याआधी आपली अडचण नेमकी कुठे आहे ते मोजा : आघातात, तार बदलण्यात की दोन हातांच्या मेळात? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. शोधप्रस्तावातला प्रश्नही असाच फोडून मांडा. 'अमुक कसं वाढलं?' असं विचारण्याआधी 'अमुक म्हणजे नेमकं काय मोजायचं?' हे एका ओळीत लिहा. ती ओळ जमली की पुढची प्रकरणं आखणं बरंच सोपं होतं.