सद्हेतू आणि पुरावा : कोल्हापूर प्रकरणाचा धडा

पदवीच्या वर्गात वृत्तपत्रविद्येची ओळख करून देताना आपण बहुधा ६ जानेवारी १८३२ पासून, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून आरंभ करतो. हा क्रम योग्यच आहे. परंतु या व्यवसायाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील ताण विद्यार्थ्यांना उमगावा असे वाटत असेल, तर आमच्या मते अर्धशतकानंतरचे कोल्हापूर प्रकरण अधिक उपयोगी ठरते.

‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली. आगरकर ‘केसरी’चे, तर टिळक ‘मराठा’चे संपादक होते. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी तेव्हा बोलवा होती. कारभारी माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रे संपादकांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे कारभाऱ्यांवर गंभीर आरोप झाले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रे बनावट निघाली. १८८२ मध्ये दोन्ही संपादकांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले आणि त्यांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले.

ही कथा आपण त्यागाची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण तेवढीच नाही. डिसेंबर १८८३ मध्ये महाराजांचा अहमदनगर येथे नजरकैदेत असतानाच अंत झाला. म्हणजे संपादकांची चिंता अनाठायी नव्हती. खोटा होता तो पुरावा. हेतू शुद्ध, विषय लोकहिताचा, लेखणी समर्थ, आणि तरीही हातातला कागद तपासला गेला नाही, तर अन्यायाविरुद्धचा आवाजच दुबळा होतो.

म्हणून हे प्रकरण शिकवताना विद्यार्थ्यांपुढे तीन साधे प्रश्न ठेवावेत. कागद कोणी दिला आणि देणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ? अक्षर व सही कोणी पडताळली? ज्याच्यावर आरोप आहे, त्याचे म्हणणे घेतले काय? साहित्याचा विद्यार्थी संहितेची चिकित्सा करायला शिकलेला असतो. तीच चिकित्सा वृत्ताला लावणे, हा पत्रकारितेचा पहिला पाठ होय.