तांब्याची बचत आणि अंगणातली गाडी : ब्रिटनच्या अर्थिंगची कथा

१८८२ साली लंडनमधील तारयंत्र अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांपासून आग लागू नये म्हणून काही नियम छापले. ब्रिटनमध्ये आज बीएस ७६७१ या नावाने पाळल्या जाणाऱ्या वायरिंगच्या नियमांचा हा मूळपुरुष. २०१३ साली याच नियमांत ‘७२२’ हा नवा विभाग दाखल झाला, तो विद्युत मोटारींच्या चार्जिंगसाठी. या वेळी मुख्य चिंता आगीची नव्हती. अर्थच्या तारेची होती. ही चिंता मोटारीने जन्माला घातलेली नाही. ती तिच्यापेक्षा बरीच जुनी आहे.

जमिनीचा तारेसारखा उपयोग करता येतो, हे म्युनिकच्या स्टाइनहाइल याने १८३८ मध्ये दाखवले. तारायंत्राची परतीची तार वाचली आणि जगभर पैसा वाचला. पुढे वीजपुरवठा आला तेव्हा मात्र जमिनीतून भटकणारा प्रवाह तारायंत्रात अडथळा आणू लागला. म्हणून ब्रिटनमध्ये डाकखात्याचा आग्रह टिकला : पुरवठ्याचा न्यूट्रल एकाच ठिकाणी जमिनीला जोडावा. शहरांतील भूमिगत केबलला शिशाचे आवरण असे, तेच ग्राहकाच्या घरापर्यंत अर्थ म्हणून पोचे. न्यूट्रल वेगळा, अर्थ वेगळा. या रचनेला आज टीएन-एस म्हणतात.

मग काटकसरीचा काळ आला. न्यूट्रल आणि अर्थ ही दोन्ही कामे एकाच वाहकाकडे सोपवायची आणि तो वाहक वाटेत ठिकठिकाणी जमिनीत गाडायचा, ही ‘पीएमई’ पद्धत. प्रथम ती खडकाळ जमिनीच्या खेड्यांपुरती होती, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती देशभर पसरली. केबल स्वस्त झाली, आणि ज्या घरांना धड अर्थ मिळत नव्हता त्यांना तो मिळाला. पीएमईला आज खलनायक ठरवणारे हे दुसरे वाक्य सोयीस्करपणे विसरतात.

दोष एकच, पण गंभीर. हा सामाईक वाहक तुटला तर घरातील उपकरणांतून आलेल्या प्रवाहाला परतीची वाट उरत नाही. मग अर्थचे टोकच फेजच्या दिशेने वर चढते, प्रसंगी २३० व्होल्टच्या जवळ जाते. ‘कॉन्सॅक’ नावाच्या केबलमध्ये ॲल्युमिनियमचे आवरणच सामाईक वाहक होते. वरचे प्लास्टिक फाटून ओल शिरली की ते गंजत जाई. अशा वेळी नेहमीचा आरसीसीबीही कामाचा नाही, कारण फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाहात त्याला फरक दिसत नाही, आणि अर्थची तार तर तो तोडतच नाही.

घरात हे सहसा निभावते. नळ, फ्रिज, गीझर सारे एकत्र जोडलेले असल्याने सारेच मिळून वर चढतात. तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का लागत नाही, तसेच हे. पण ओल्या मातीवर उभे राहून धातूला हात लावणारा माणूस या वर्तुळाच्या बाहेर असतो. म्हणूनच २००२ च्या वीजसुरक्षा नियमांनी कॅराव्हॅन आणि बोटींच्या धातूला हा सामाईक वाहक जोडण्यास वीजवितरकांना मनाई केली. चार्जरला जोडलेली मोटार म्हणजे अंगणात उभी असलेली कॅराव्हॅनच. फरक इतकाच की ती रोज रात्री येते.

२०१३ च्या विभागात घरांसाठी एक पळवाट होती, २०१८ च्या आवृत्तीने ती काढली. उपाय उरले ते असे : चार्जरजवळ स्वतंत्र अर्थ-इलेक्ट्रोड ठोकणे, किंवा व्होल्टेज बिघडताच अर्थसह सर्व तारा तोडणारे उपकरण बसवणे. इलेक्ट्रोड सांगायला सोपा. प्रत्यक्षात जमिनीखाली केबल आणि नळांचे जाळे असते, आणि शेजारचा दिव्याचा खांब पीएमईवर असला तर एका हातात गाडी व दुसऱ्या हातात खांब, असे दोन वेगळे अर्थ माणसाच्या शरीरात भेटतात.

कारखाना, रुग्णालय किंवा महामार्गावरील थांबा ११,००० व्होल्टवर वीज घेऊन स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरने ती उतरवतो, तेथे जुनी व्यवस्था परत येते. त्याच २००२ च्या नियमांनुसार ग्राहकाला आपल्या मांडणीत न्यूट्रल व अर्थ एका वाहकात आणता येत नाहीत. दोहोंचा सांधा ट्रान्सफॉर्मरपाशी किंवा मुख्य पॅनेलमध्ये एकदाच, पुढे चार्जरपर्यंत दोन स्वतंत्र तारा. वाटेत न्यूट्रल तुटला तर उपकरणे बिघडतील, पण गाडीचा पत्रा जमिनीच्याच पातळीवर राहील. म्हणून येथे पीएमईवरची बंदी लागू होत नाही आणि इलेक्ट्रोड ठोकण्याचा खटाटोप बहुधा अनावश्यक ठरतो.

मात्र ‘ट्रान्सफॉर्मर आमचा आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. सांधा नेमका कोठे आहे, आवारातील एखाद्या जुन्या इमारतीला रस्त्यावरून वेगळी पीएमई जोडणी तर नाही ना, हे पाहावे लागते. शिवाय अर्थची वेगळी तार तुटली तर दिवे मंदावत नाहीत, कोणी तक्रार करत नाही. नियमित तपासणीतच ते उघड होते. आणि ११,००० व्होल्टच्या बाजूला जमिनीशी दोष झाला, तर ट्रान्सफॉर्मरचा अर्थ क्षणभर वर उचलला जातो. दोन्ही बाजूंचे अर्थ एकत्र जोडलेले असतील तर तो चढाव तारेवाटे थेट गाडीच्या दरवाजापर्यंत येतो. म्हणून अशा ठिकाणी चार्जरची जागा ठरवण्याआधी उपकेंद्राच्या अर्थचा प्रतिरोध मोजला जातो.