धामच्या पाण्यात पाय घाला

काचेच्या टाकीतल्या निऑन टेट्रांना खाणं घालून झालं? मग चपला तिथेच सोडा आणि 1936 च्या वैशाखात या. वर्ध्याहून पवनारपर्यंत बैलबंडीनं तुमची हाडं खिळखिळी केली आहेत. लू कानशिलं भाजून काढतेय. घाम सदऱ्यावर वाळून त्याचं मीठ झालंय. बंडीतली माणसं गांधीजी सेगावात राहायला आल्याचं सांगत होती, पण तुमचा सगळा जीव पाण्यात अडकलेला.

धाम नदी आटलीय. खडकांमधल्या डोहांत तेवढं पाणी. काठावर धुणं आपटतंय, पोरांचा कालवा चाललाय. शेवाळ, म्हशी आणि विडीचा धूर यांचा वास एकदमच नाकात शिरतो. खडक असा तापलाय की तुम्ही नाचतच पाण्यात उतरता. आता हलू नका. पायाला गुदगुल्या होतायत ना? बोटभर मासोळ्या टोचतायत. अंगावर लांबलचक काळी रेघ आहे ती रास्बोरा. दोन काळे ठिपके मिरवते ती टिक्टो.

"भाऊ, पान्यावर सावली पडू देऊ नका, मासोया पयतेत!" ढिवरकाका ओरडतात. जाळं गरकन फिरून थप्पदिशी पाण्यावर पडतं. वर येतं तेव्हा त्यात चांदी वळवळत असते. एक मासोळी चिमटीत घ्या, घट्ट धरा. पाठीवर, शेपटीजवळ बारीक मांसल पर सापडतो का? नाही सापडणार. तो तुमच्या टेट्राला असतो. हिच्या जबड्यात दातही नाहीत, ते घशात आहेत. कुळं वेगळी, पण धंदा एकच: बारीक किडे टिपायचे आणि थव्यात राहून मोठ्या माशांना चुकवायचं.

टेट्रा आत्ता दूर ॲमेझॉनच्या खोऱ्यात, झाडांच्या सावलीतल्या पाण्यात चमकतोय. याच वर्षी मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्ज मायर्स त्याला शास्त्रीय नाव देतायत. इथे मात्र मासोळी पाळायची हौस कुणालाच नाही. जवसाचं तेल चुरचुरतंय, तिखटाच्या ठसक्यानं डोळ्यांत पाणी येतंय. ज्वारीच्या भाकरीबरोबर काट्यासकट चावून खा.

पोट भरलं? चला परत. टाकीचा कंटाळा आला तर टेट्रा दुसऱ्या हौशी माणसाला द्या, धाममध्ये सोडू नका. टाकीतल्या माशांबरोबर त्यांचे रोगही नदीत उतरतात, आणि ते भोगावे लागतात रास्बोरा-टिक्टोला.