कोलंबियाची जळालेली तबकडी

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एखाद्या कागदाचा कोपरा कसरीने खाल्ला, तरी उरलेल्या ओळी जाणकाराला वाचता येतात. संगणकाच्या चुंबकीय तबकडीचे तसे नाही. तिच्यावरचा मजकूर डोळ्यांना दिसत नाही. वाचणारे यंत्र मोडले की शाबूत मजकूरही मुका होतो. अशा एका मुक्या तबकडीला पुन्हा बोलते केले गेले, त्याची हकीकत आज श्रोत्यांना सांगावयाची आहे.

अशा तबकड्यांवर माहिती साठविण्याची रीत 1956 साली आयबीएम कंपनीच्या रॅमॅक या यंत्राबरोबर आली. त्यात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि एवढ्या पसाऱ्यात मावत होती सुमारे 50 लाख अक्षरे! पुढे हार्ड डिस्क तळहातावर मावू लागली. तत्त्व मात्र तेच राहिले. वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर चुंबकीय लेप असतो, आणि वाचणारे टोक तिला न शिवता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. धुळीचा कण आत शिरला, तर या टोकाला तो वाटेतल्या धोंड्यासारखा.

1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर टेक्सासवर फुटले. कर्नालच्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी त्यात गेले. त्यानंतर 25 हजारांहून अधिक माणसांनी रानोमाळ शोध घेतला, आणि यानाचे सुमारे 84 हजार तुकडे गोळा झाले. वजनाने पाहता हा सगळा ढीग मूळ यानाच्या 38 टक्के भरला. कुठला तुकडा कुठे सापडला याची नोंद ठेवली गेली. फायलींच्या संगतीत दिवस काढणाऱ्या माझ्यासारख्याला या साऱ्या हकीकतीत त्या नोंदीचेच कौतुक अधिक वाटते.

अपघातानंतर सुमारे सहा महिन्यांनी, कोरड्या पडलेल्या एका तळ्याच्या पात्रात, जळून काळवंडलेली एक हार्ड डिस्क मिळाली. यानाच्या मालकक्षात झेनॉन वायूवर एक प्रयोग चालला होता. तिच्यात त्याचे आकडे होते. सॉसची बाटली हलविली की दाट सॉस पातळ होऊन वाहू लागतो. झेनॉनसारखा साधा पदार्थही, द्रव आणि वायू यांतला भेद जिथे मावळतो त्या क्रांतिक बिंदूजवळ, घुसळल्याने असाच पातळ होतो काय, हा प्रश्न होता. पृथ्वीवर तो सुटत नाही, कारण त्या अवस्थेत पदार्थ स्वतःच्याच भाराने तळाशी दबून दाट होतो. म्हणून झेनॉनच्या कुपीत निकेलची एक बारीक जाळी हलवीत ठेवून ती अंतराळात धाडली. या मालिकेतला पहिला प्रयोग 1997 साली झाला होता, हा दुसरा. काही आकडे उड्डाण चालू असताना रेडिओवरून खाली आले होते, परंतु बाकीचे त्या तबकडीवरच होते.

सात माणसांच्या मृत्यूपुढे झेनॉनचे आकडे ते काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हे उड्डाणच संशोधनासाठी होते. सोळा दिवस त्या सात जणांनी सुमारे 80 प्रयोगांसाठी पाळ्या लावून काम केले होते.

ही हार्ड डिस्क मिनेसोटातील क्रोल ऑनट्रॅक या संस्थेतल्या जॉन एडवर्ड्स या अभियंत्याकडे गेली. विद्युत भाग जळाले होते, धूळ अडविणारी सीलबंदी वितळली होती, तबकड्यांवर खड्डे पडले होते. त्याने तबकड्या रसायनाने धुतल्या आणि नव्या यंत्रात बसविल्या. त्यांतून सुमारे 99 टक्के मजकूर परत मिळाला.

यात कौशल्य होते तसे नशीबही होते. तबकड्या वाकल्या नव्हत्या. वाकल्या असत्या तर सारेच संपले असते. तसेच हा संगणक डॉस या जुन्या प्रणालीवर चालत असे. ती मजकूर इतस्ततः विखरून न टाकता बहुतांशी सलग लिहीत जाते. हार्ड डिस्क निम्मीच भरलेली होती आणि खड्डे पडले ते कोऱ्या भागात. नव्या, अधिक चतुर प्रणालीने तोच मजकूर सगळीकडे पांगवला असता, तर एवढे हाती लागते ना.

रॉबर्ट बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकड्यांवरून लिहिलेला निबंध 2008 साली फिजिकल रिव्ह्यू ई या नियतकालिकात आला. क्रांतिक बिंदूजवळ झेनॉन घुसळल्याने खरोखरच पातळ होतो, असे त्यात दिसून आले. कोलंबियाच्या अवशेषांतून आणखी दोन हार्ड डिस्क एडवर्ड्सकडे आल्या होत्या. त्यांवरून एक अक्षरही वाचता आले नाही.