एम.जी.बी. मोटारीचा अँटी-रोल बार : एका पोलादी दांड्याचा इतिहास (१९६२–१९८०)

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास बहुधा इंजिनाच्या अंगाने लिहिला जातो. अश्वशक्ती, कमाल वेग आणि शर्यतींतील विजय यांच्या नोंदींनी ग्रंथ भरलेले आढळतात. गाडीच्या तळाशी, चिखलाच्या मार्गात बसणाऱ्या भागांकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. अँटी-रोल बार हा असाच एक उपेक्षित भाग होय. अमेरिकेत यालाच ‘स्वे बार’ असे म्हणतात. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एम.जी.बी. या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र हा दांडा बसविणे, काढणे आणि पुन्हा बसविणे यांतून एका उद्योगाच्या अवनतीचा आलेखच उमटलेला दिसतो. १९७४ नंतरच्या एम.जी.बी.च्या बिघडलेल्या चालीचे खापर सर्वसाधारणपणे अमेरिकी कायद्यावर फोडले जाते. ही मीमांसा कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दांड्याचे कार्य

वळणावर गाडीचे अंग बाहेरच्या बाजूला झुकते. पुढच्या दोन चाकांना जोडणारा, साधारणपणे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा स्प्रिंग-पोलादाचा दांडा रबरी बुशांमधून गाडीच्या अंगाला बसविलेला असतो व त्याची टोके चाकांच्या आधारभुजांना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी वर उचलली गेली तर हा दांडा बुशांमध्ये नुसताच फिरतो. एक चाक वर व दुसरे खाली गेले की त्याला पीळ बसतो, आणि त्या पिळाला होणारा विरोध गाडीचा झोक रोखतो. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना अशा दांड्याचे पेटंट २२ एप्रिल १९१९ रोजी मिळाल्याची नोंद आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जो भार सरकतो, तो दांड्यामुळे कमी होत नाही. तो गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर, गाडीचे वजन आणि वळणाची तीव्रता यांवर ठरतो. दांडा ठरवितो ते एवढेच, की या सरकत्या भारातील किती वाटा पुढच्या चाकांनी उचलावा आणि किती मागच्या. पुढचा दांडा जाड केल्यास पुढची बाहेरची टायर अधिक दबते व गाडी वळणात नाक बाहेर काढू लागते. मागचा जाड केल्यास शेपटी सुटण्याचा कल वाढतो. म्हणून दांडा बदलणे म्हणजे गाडीचा स्वभाव बदलणे होय, आणि ते काम दिसते तितके निरुपद्रवी नाही.

दांड्याचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. लांबी व आकार तोच ठेवून १६ मिलिमीटरच्या जागी २० मिलिमीटरचा दांडा घातला, तर व्यास केवळ चतुर्थांशाने वाढतो, पण ताठरपणा जवळजवळ अडीचपट होतो. पुढे हौशी मालकांची जी फसगत होत राहिली, तिचे मूळ या गणितात आहे.

अ‍ॅबिंग्डनची गाडी

एम.जी.बी.ची रचना सिड एनेव्हर यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. आधीच्या एम.जी.ए.ला स्वतंत्र चासी होती. नव्या गाडीचे अंग एकसंध होते. पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे अखंड धुरा आणि पट्ट्यांच्या कमानी, तर धक्के शोषण्यासाठी जुन्या पद्धतीचे लिव्हरवाले शोषक, असा जुन्या-नव्याचा मेळ तीत होता. इंजिन बी.एम.सी.च्या ‘बी’ मालिकेतील १७९८ सी.सी.चे होते. भारतीय रस्त्यांवर कैक वर्षे धावलेल्या अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ सी.सी.चे इंजिन याच घराण्यातले, ही गोष्ट येथे सहज नमूद करण्यासारखी आहे.

सुरुवातीच्या उघड्या एम.जी.बी.वर पुढचा दांडा वैकल्पिक साहित्यात मोडत असे. १९६५ साली बंद छपराची जी.टी. आली, तिचे वजन अधिक, म्हणून दांडा आवश्यक ठरला. त्यानंतर उघड्या गाडीलाही तो नियमित मिळू लागला. ‘मूळ’ एम.जी.बी.ला दांडा होता की नव्हता, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

१९७४ : कायदा आणि काटकसर

अमेरिका ही या गाडीची सर्वांत मोठी बाजारपेठ होती. १९७३ च्या मॉडेलवर्षापासून तेथे नवे संघीय मानक लागू झाले. समोरून ताशी ५ मैल आणि मागून ताशी अडीच मैल वेगाने अडथळ्यावर आदळल्यावर दिव्यांसारख्या सुरक्षिततेच्या भागांना इजा होऊ नये, अशी त्यातील अपेक्षा होती. पुढील वर्षी नियम अधिक कडक झाले. दिवे व बंपर यांच्या उंचीचाही प्रश्न उभा राहिला आणि एम.जी.बी. फारच ठेंगणी ठरली.

कंपनीने जो उपाय केला तो सर्वपरिचित आहे. सप्टेंबर १९७४ पासून क्रोमच्या नाजूक बंपरांची जागा पोलादी गाभ्याच्या काळ्या, बोजड बंपरांनी घेतली. आणि पुढची बाजू नव्याने आखण्याऐवजी संपूर्ण गाडीच सस्पेंशनवर एक ते दीड इंच वर उचलण्यात आली. गुरुत्वमध्य वर गेला, झोक वाढला. अशा वेळी दांडा जाड करणे तर्काला धरून झाले असते. प्रत्यक्षात १९७५ च्या मॉडेलवर्षासाठी पुढचा दांडा नियमित साहित्यातून वगळण्यात आला. तो हवा असल्यास जादा पैसे मोजावे लागत.

बंपर कसा असावा हे अमेरिकी कायद्याने सांगितले होते, हे खरेच. परंतु दांडा काढा असे कोणत्याही नियमात नव्हते. तो निर्णय केवळ खर्चकपातीचा होता. ब्रिटिश लेलँडची त्या वेळची आर्थिक स्थिती लक्षात घेतल्यास त्याचे कारण समजते. १९६८ मध्ये विलीनीकरणातून जन्मलेली ही कंपनी १९७५ मध्ये सरकारला ताब्यात घ्यावी लागली. स्पोर्ट्स कारसाठी असलेला मर्यादित पैसा ट्रायम्फ टी.आर. ७ या नव्या गाडीकडे वळविण्यात आला होता. अ‍ॅबिंग्डनचे सरव्यवस्थापक जॉन थॉर्नली १९६९ मध्ये आणि एनेव्हर १९७१ मध्ये निवृत्त झालेले होते. गाडी घडविणारी पिढी दाराबाहेर गेल्यावर तिच्या तळाचा दांडा हिशेबवहीतील एक ओळ तेवढा उरला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आणखी एक बाब नजरेआड करता येत नाही. उंच केलेली गाडी केवळ अमेरिकेत गेली नाही, ती ब्रिटनमध्येही विकली गेली. ज्या देशात तो कायदाच नव्हता, त्या देशातील ग्राहकांनाही तीच डुलती गाडी मिळाली. वेगवेगळ्या रचना राखणे परवडत नव्हते हा बचाव मान्य केला, तरी तोही कायद्याचा नव्हे, पैशाचाच बचाव ठरतो.

चूक अंशतः तरी सुधारली गेली. १९७६ च्या मध्यापासून, म्हणजे १९७७ च्या मॉडेलवर्षासाठी, पुढचा दांडा अधिक जाड होऊन परतला आणि मागच्या धुऱ्यालाही प्रथमच दांडा मिळाला. ही व्यवस्था ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद होईपर्यंत कायम राहिली. उंची मात्र कमी झाली नाही. रोग तसाच ठेवून लक्षणावर औषध दिल्याचा हा प्रकार होता.

मालकांची दुरुस्ती

कारखाना मिटला तरी पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झालेल्या होत्या, आणि त्यांतील पुष्कळ टिकल्या. मालकांनी १९७५–७६ च्या गाड्यांना जाड दांडे बसविण्यास सुरुवात केली. या कामाला ‘सुधारणा’ असे नाव असले, तरी पुष्कळदा ती हिरावलेली वस्तू परत मिळविण्याची क्रिया होती. जे अधिक चिकाटीचे होते त्यांनी आधी गाडी क्रोम बंपरांच्या काळातील उंचीवर आणली आणि दांड्याचा विचार मागाहून केला. भौतिकीच्या दृष्टीने हाच क्रम योग्य होय.

अतिरेकही झाले. चौथ्या घाताचा हिशेब न करता बसविलेला फार जाड पुढचा दांडा गाडीला वळणात हट्टी बनवितो. मागचा फार ताठ असल्यास आतले मागचे चाक जमिनीवर हलके होते आणि साध्या डिफरन्शियलमुळे जागच्या जागी फिरत राहते. वळणातून बाहेर पडताना जोर हवा तेथेच तो हरवतो. खराब रस्त्यावर एका चाकाला बसलेला हिसका दांड्यातून दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश घातले आणि त्यांना ग्रीस दिले नाही, तर करकर ऐकावी लागते ती वेगळीच.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे यातून साधनांचा एक प्रश्न उभा राहतो. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून गाडीचे प्रमाणपत्र देते व कारखान्यातून निघताना तिच्यावर कोणते साहित्य होते हे त्यातून कळू शकते. परंतु ही नोंद दाराशी थांबते. पुढील चार दशकांत गाडीला काय झाले याचा पुरावा कागदावर नसून लोखंडावर असतो. मागच्या बाजूला नंतर पाडलेली भोके, निराळ्या घडणीचे ब्रॅकेट, एकाच दांड्यावर दोन रंगांचे थर, हे सारे वाचावे लागते. १९७५ च्या एखाद्या गाडीच्या प्रमाणपत्रात दांड्याचा उल्लेख नसतो आणि गाडीखाली मात्र १९७७ च्या नमुन्याचा दांडा जोडलेला आढळतो, तेव्हा कागद आणि लोखंड दोन्ही खरेच बोलत असतात. फक्त ते वेगवेगळ्या वर्षांविषयी बोलत असतात.